मधुमेह, रोहिणीविकार आणि रक्तातील निदर्शक : एक परीक्षण

१

मधुमेह हा नावाने आणि लक्षणाने साखरेचा विकार असला, तरी मधुमेही व्यक्तीच्या आयुष्याची मर्यादा पुष्कळदा तिच्या रोहिण्या ठरवितात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनचा पहिला उपचार झाला. त्यापूर्वी या रोगाचे तीव्र रूप रुग्णास मूर्च्छेत ओढून नेत असे. इन्शुलिनने तो मृत्यू दूर सारला. आणि रुग्ण अधिक वर्षे जगू लागताच हृदय, मेंदू व पाय यांना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचा विकार हे त्याच्या मृत्यूचे व पंगुत्वाचे प्रमुख कारण म्हणून पुढे आले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली सुरू झालेल्या पाहणीचे मधुमेहविषयक निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार हृदय व रोहिण्या यांच्या विकाराचा धोका मधुमेही पुरुषांत सुमारे दुप्पट आणि मधुमेही स्त्रियांत सुमारे तिप्पट होता. १९९८ साली फिनलंडमधील पाहणीवरून तर असे दिसले की, पूर्वी हृदयविकाराचा झटका न आलेल्या मधुमेहींपैकी २०.२ टक्के व्यक्तींना सात वर्षांत झटका आला, तर एकदा झटका येऊन गेलेल्या परंतु मधुमेह नसलेल्या व्यक्तींत हेच प्रमाण १८.८ टक्के होते. हे समीकरण पुढील मोठ्या पाहण्यांत इतके नेमके ठरले नाही. तथापि मधुमेहीच्या रोहिण्या अकाली वृद्ध होतात, या मूळ विधानास त्यामुळे बाध येत नाही.

हा विकार दीर्घकाळ मुका असतो, ही त्यातील खरी अडचण होय. रोहिणीच्या आतील अस्तराखाली मेदप्रथिनांचे कण अडकतात, त्यांच्याकडे पांढऱ्या पेशी धाव घेतात, मेद गिळून त्या फुगतात, आणि वर्षानुवर्षे हे थर वाढत राहतात. परंतु रुग्णास त्याची जाणीव नसते. १९५३ साली कोरियातील युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवपरीक्षेचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय बावीस वर्षांच्या आसपास असूनही तीन-चतुर्थांशांहून अधिक सैनिकांच्या हृद्‌रोहिण्यांत विकाराच्या कमीअधिक खुणा आढळल्या. जो विकार विशीत सुरू होतो आणि पन्नाशीत बोलू लागतो, त्याची चाहूल मधल्या तीस वर्षांत घेता यावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. मधुमेहीच्या बाबतीत तर ती निकडीची आहे.

या इच्छेतून गेल्या काही दशकांत विपुल संशोधनवाङ्मय निर्माण झाले आहे. त्याचा साचा बहुतांशी ठरलेला असतो. पन्नास ते शंभर मधुमेही आणि तितक्याच मधुमेह नसलेल्या व्यक्ती निवडल्या जातात. त्यांच्या रक्तातील एखाद्या द्रव्याचे प्रमाण मोजले जाते. मानेतील रोहिणीच्या भिंतीची जाडी मोजली जाते. दोन्ही मापांत सहसंबंध आढळतो. आणि शेवटच्या परिच्छेदात ते द्रव्य प्रारंभिक रोहिणीविकाराचे भाकीत करणारा निदर्शक म्हणून घोषित होते. या वाङ्मयाचे परीक्षण करताना मुख्य आक्षेप घ्यावा लागतो तो या शेवटच्या उडीवर. एखादे द्रव्य विकारासोबत आढळणे, विकाराच्या आधी आढळणे, ज्ञात गोष्टींत नवी भर घालणे, आणि ते बदलले असता रुग्णाचे भवितव्य बदलणे, या चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीस स्वतंत्र पुरावा लागतो. पहिल्या पायरीवर उभे राहून चौथीवरील भाषा बोलणे हा या वाङ्मयाचा सर्वसाधारण दोष आहे.

२

प्रथम ज्या मापाशी रक्तातील द्रव्यांची तुलना होते, त्या मापाचाच विचार केला पाहिजे. कारण गजच वाकडा असेल तर कापडाची तक्रार करण्यात अर्थ नाही. इटलीतील पाओलो पिन्योली व त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली असे दाखविले की, श्राव्यातीत ध्वनितरंगांनी, म्हणजे ज्या तपासणीस व्यवहारात सोनोग्राफी म्हणतात तिने, रोहिणीच्या अंतःस्तराची व मध्यस्तराची एकत्रित जाडी जिवंत माणसात मोजता येते. ही पद्धत वेदनारहित, निर्धोक व स्वस्त असल्याने ती झपाट्याने पसरली. चेन्नई येथील लोकवस्तीत झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहींमध्ये ही जाडी सरासरीने सुमारे ०.९५ मिलिमीटर व इतरांमध्ये सुमारे ०.७४ मिलिमीटर आढळली. दोन गटांतील हा फरक खरा आहे, आणि तो दाखविणारा अभ्यास मोलाचा आहे.

परंतु गटाविषयी खरे असलेले विधान व्यक्तीविषयी खरे असतेच असे नाही. दोन्ही गटांतील मापे पसरलेली व एकमेकांत मिसळलेली असतात. निरोगी वृद्धाची भिंत मधुमेही तरुणाच्या भिंतीहून जाड असू शकते. शिवाय ही जाडी ज्या दोन स्तरांची बेरीज आहे, त्यांपैकी मेदाचा विकार अंतःस्तरात सुरू होतो, तर रक्तदाब व वय यांचा परिणाम मुख्यतः मध्यस्तरावर होतो. तेव्हा बेरीज वाढली म्हणजे मेदाचा थर वाढला, असे गृहीत धरता येत नाही. भिंतीची सरासरी वार्षिक वाढ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. एकाच व्यक्तीचे माप दोनदा घेतले असता पडणारा फरक पुष्कळदा त्याहून मोठा असतो. अशा स्थितीत वर्षभराच्या अंतराने घेतलेल्या दोन मापांवरून एका रुग्णास सुधारणेची वा बिघाडाची वार्ता देणे धाडसाचे होय.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. २०१२ साली चौदा पाहण्यांतील ४५,८२८ व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली, तेव्हा वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान इत्यादी नेहमीच्या गोष्टींवरून वर्तविलेल्या धोक्यात या मापाने पडणारी भर अत्यल्प, व्यवहारात नगण्य, ठरली. त्याच वर्षी सुमारे ३७,००० व्यक्तींच्या दुसऱ्या एकत्रित विश्लेषणात, काही वर्षांत झालेली जाडीतील वाढ आणि पुढे आलेले झटके यांचा संबंध प्रस्थापित होऊ शकला नाही. परिणामी अमेरिकेतील हृद्‌रोगविषयक संस्थांनी २०१० साली या मापाचा वापर वाजवी मानला होता, तरी २०१३ साली नित्याच्या धोकामापनासाठी तो करू नये असा सल्ला दिला. न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे की, २०२० साली ११९ चिकित्सा-प्रयोगांतील एक लक्षाहून अधिक व्यक्तींच्या विश्लेषणात, ज्या उपचारांनी भिंतीची वाढ मंदावली त्यांनी सरासरीने झटकेही कमी केले, असे दिसून आले. म्हणजे समूहातील उपचारांची तुलना करण्यास हे माप उपयोगी पडू शकते. एका रुग्णाचे भविष्य सांगण्यास ते अपुरे आहे.

समूहातही ते दरवेळी खरे बोलते असे नाही. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या ७२० व्यक्तींवरील प्रयोगात एझेटिमाइब या औषधाची जोड दिल्याने एलडीएल, म्हणजे अल्प घनतेच्या मेदप्रथिनातील कोलेस्टेरॉल, लक्षणीय उतरले. परंतु भिंतीच्या जाडीत काहीच फरक पडला नाही. २००८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध होताच औषध निरुपयोगी असल्याची चर्चा झाली. पुढे २०१५ साली १८,१४४ रुग्णांवरील प्रयोगात त्याच औषधाने झटक्यांचे प्रमाण ३४.७ टक्क्यांवरून ३२.७ टक्क्यांवर आणले. लाभ माफक होता, पण खरा होता. जाडीच्या मापावर विसंबून निर्णय झाला असता, तर तो चुकला असता. ज्या अभ्यासांत रक्तातील द्रव्याची कसोटी हीच जाडी असते, त्यांचे निष्कर्ष वाचताना हे उदाहरण स्मरणात ठेवणे आवश्यक आहे.

३

आता रक्तातील द्रव्यांकडे वळता येईल. त्यांतील सर्वांत गाजलेले द्रव्य म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते आढळले. शरीरात कोठेही दाह झाला की यकृत ते निर्माण करते. रोहिणीच्या भिंतीतील विकारही दाहस्वरूप असल्याने, या प्रथिनाचे सूक्ष्म प्रमाण त्या विकाराची खबर देईल, हा तर्क सयुक्तिक होता. १९९७ साली अमेरिकन डॉक्टरांच्या पाहणीतून असे दिसलेही की, ज्यांच्या रक्तात हे प्रथिन अधिक होते, त्यांना पुढील वर्षांत झटके अधिक आले. म्हणजे दुसरी पायरी, विकाराच्या आधी आढळण्याची, या द्रव्याने ओलांडली.

मधुमेहीच्या बाबतीत मात्र लगेच एक प्रश्न उभा राहतो. चरबीच्या पेशी जे संदेशद्रव्य सोडतात, त्याच्या प्रेरणेनेच यकृत हे प्रथिन वाढविते. ज्या मधुमेहींच्या अंगी चरबी अधिक, त्यांच्यात प्रथिन अधिक आणि रोहिणीविकारही अधिक. मग प्रथिन विकाराची खबर देते की चरबीची? सामान्यतः संशोधक वजन व उंची यांवरून काढलेला देहभारांक हिशेबात धरून चरबीचा परिणाम वजा करतात, आणि उरलेला संबंध प्रथिनाच्या पदरात टाकतात. ही वजाबाकी भारतीयांच्या बाबतीत किती अपुरी आहे, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच छायाचित्राने दाखविले. दोघांचाही देहभारांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. जेथे एकच अंक दुपटीहून अधिक फरक झाकू शकतो, तेथे त्या अंकाने चरबीचा हिशेब चुकता झाला असे मानणे म्हणजे तराजू न पाहता माल घेण्यासारखे आहे.

तिसरी अडचण मोजणीची आहे. सर्दी, हिरड्यांची सूज, पायावरील जखम यांपैकी कशानेही हे प्रथिन वाढते. आणि मधुमेहींत हिरड्यांचे विकार व पायाच्या जखमा या नित्याच्या गोष्टी आहेत. म्हणूनच २००३ साली अमेरिकेत दिलेल्या मार्गदर्शनात माप दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्यावे, आणि ते लिटरला १० मिलिग्रॅमहून अधिक आल्यास दुसरे कारण शोधावे, असे सांगितले होते. एकदाच घेतलेल्या रक्तावर आधारलेले अनेक प्रबंध ही किमान दक्षताही पाळीत नाहीत.

चौथ्या पायरीविषयीचा पुरावा अधिक उद्बोधक आहे. २००८ साली १७,८०२ व्यक्तींवरील ‘ज्युपिटर’ प्रयोगात, हे प्रथिन अधिक असलेल्यांना रोसुव्हास्टॅटिन दिले असता झटके बरेच कमी झाले. परंतु या औषधाने प्रथिन व एलडीएल दोन्ही उतरविली. त्यामुळे श्रेय कोणाचे, हे ठरेना. शिवाय मधुमेहींना त्या प्रयोगातून वगळले होते, ही गोष्ट मधुमेहविषयक लेखांत त्याचा आधार घेताना सहसा सांगितली जात नाही. २०११ साली सुमारे दोन लाख व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मतःच ज्यांच्यात हे प्रथिन अधिक बनते, त्यांना हृद्‌रोहिणीविकार अधिक होतो काय, असा त्याचा प्रश्न होता. उत्तर नकारार्थी आले. हे प्रथिन धुरासारखे आहे. धूर दिसला म्हणजे कोठेतरी आग आहे असे अनुमान करता येते. पण धूर पुसल्याने आग विझत नाही.

आगीपर्यंत पोचण्याचा प्रयत्न झाला तेव्हा निष्पत्ती संमिश्र राहिली. २०१७ साली १०,०६१ रुग्णांवरील प्रयोगात, दाहाच्या साखळीतील वरच्या कडीस अडविणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने, एलडीएलला धक्का न लावता, झटके सुमारे १५ टक्क्यांनी कमी केले. मात्र जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, मधुमेह वा चयापचयविकारांचा समूह (मेटाबॉलिक सिंड्रोम) असलेल्या ४,७८६ हृद्‌रोग्यांवरील प्रयोगात मेथोट्रेक्सेट या दाहशामक औषधाने सी-रिॲक्टिव्ह प्रथिनही उतरले नाही आणि झटकेही. दाहाची कल्पना खोटी नाही, असे पहिला प्रयोग सांगतो. दाहाच्या नावाखाली सर्व काही खपवू नये, असे दुसरा.

४

होमोसिस्टीन या दुसऱ्या द्रव्याची कथा मराठी वाचकास अधिक जवळची आहे. १९६९ साली किल्मर मॅककली यांनी असे निदर्शनास आणले की, ज्या बालकांत जन्मजात दोषाने हे द्रव्य रक्तात साचते, त्यांच्या रोहिण्या वृद्धासारख्या विकृत होतात. यावरून रक्तातील थोडीशी वाढही घातक असावी, असे अनुमान निघाले. मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण व मानेतील रोहिणीची जाडी यांचा संबंध दाखविणारे लेख मोठ्या संख्येने लिहिले गेले.

परंतु हे द्रव्य कशाने वाढते? फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व यांच्या अभावाने ते वाढते. मूत्रपिंड अशक्त झाले की ते वाढते. आणि मधुमेहींचे मूत्रपिंड वरचेवर अशक्त होत असते. इतकेच नव्हे, तर मधुमेहावरील सर्वाधिक वापरले जाणारे औषध, मेटफॉर्मिन, दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ कमी करते. म्हणजे निदर्शक म्हणून जे मोजले जाते, ते अंशतः रोगाचे, अंशतः मूत्रपिंडाचे, अंशतः आहाराचे आणि अंशतः उपचाराचेच प्रतिबिंब असू शकते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, पुण्यातील २०४ व्यक्तींच्या अभ्यासात ७७ टक्के व्यक्तींमध्ये होमोसिस्टीन वाढलेले आणि ४७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी आढळले. त्या व्यक्तींत निरोगी, मधुमेही व हृद्‌रोगी असे सर्वच होते. युरोपात ज्या पातळीवर धोक्याची घंटा वाजते, ती पातळी येथे बहुसंख्यांची आहे. जो निदर्शक चारांपैकी तिघांकडे बोट दाखवितो, तो चौकशीस उपयोगी पडत नाही. येथे तो सांगतो ती गोष्ट ताटातील अन्नाची आहे, आणि ती ऐकलीही पाहिजे. परंतु रोहिणीची वार्ता म्हणून ती ऐकविणे हा अनुवादाचा प्रमाद आहे. परदेशातील मर्यादा-अंक उचलून येथील मधुमेहींना लावणारे लेख हाच प्रमाद करतात.

उपचाराच्या कसोटीवरही हे द्रव्य उतरले नाही. २००६ साली रोहिणीविकार वा मधुमेह असलेल्या ५,५२२ व्यक्तींवरील प्रयोगात जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन खाली आणले. परंतु हृद्‌रोगाने मृत्यू, झटका वा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण एका गटात १८.८ व दुसऱ्यात १९.८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. केवळ पक्षाघातात काहीशी घट दिसली. २०१० साली कॅनडात, मूत्रपिंड बिघडलेल्या २३८ मधुमेहींना ब-वर्गातील जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत दिली असता होमोसिस्टीन उतरले, परंतु मूत्रपिंडाची शक्ती अधिक वेगाने घटली आणि रोहिणीविकाराच्या घटना वाढल्या. कागदावरील अंक सुधारला आणि रुग्ण बिघडला. निदर्शकास कारण समजून त्यावर उपचार करण्यातील धोका याहून स्पष्ट होण्यासारखा नाही. ज्याच्यात ब-१२ खरोखरच कमी आहे त्यास ते दिलेच पाहिजे, हे अर्थातच या निष्कर्षाने बाधित होत नाही.

५

यावरून रक्तपरीक्षा व्यर्थ आहे, असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. चारही पायऱ्या चढलेली द्रव्ये आहेत, आणि ती नवलाईची नाहीत, म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. एलडीएल हे त्यांतील पहिले. ते रोहिणीच्या भिंतीत प्रत्यक्ष साचते. जन्मतः ज्यांच्यात ते कमी असते, त्यांना झटके कमी येतात. आणि औषधाने ते उतरविले असता झटके कमी होतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कार्ड्स’ या प्रयोगात २,८३८ मधुमेही होते. त्यांना पूर्वी रोहिणीविकाराचा झटका आलेला नव्हता आणि त्यांचे एलडीएल सर्वसाधारण समजुतीने फारसे वाढलेलेही नव्हते. तरीही ॲटोर्व्हास्टॅटिनच्या अल्प मात्रेने मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि प्रयोग नियोजित मुदतीच्या दोन वर्षे आधीच थांबविण्यात आला. मधुमेहीच्या एलडीएलचे कण लहान व दाट असल्याने, कोलेस्टेरॉलचे वजन सामान्य दिसत असूनही कणांची संख्या अधिक असू शकते, हे यामागील एक कारण होय.

येथे रुग्णालयातील अभ्यासांचा एक उलटा दोषही लक्षात येतो. ज्यांचा विकार जास्त, त्यांना औषधही अधिक दिलेले असते. त्यामुळे अशा रुग्णांच्या रक्तात एलडीएल कमी भरते आणि भिंतीच्या जाडीशी त्याचा संबंध नाहीसा होतो. मग लेखात असा निष्कर्ष येतो की, जुने द्रव्य निकामी ठरले व नवे अधिक सरस आहे. औषधाने झाकलेला संबंध हा नसलेला संबंध नव्हे.

दुसरे उदाहरण साखरेचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमधील सॅम्युएल राहबार यांना मधुमेहींच्या रक्तात हीमोग्लोबिनचा एक वेगळा अंश वाढलेला दिसला. साखर चिकटलेले हे हीमोग्लोबिन मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते. अपघातादी कारणांनी मृत्यू पावलेल्या, १५ ते ३४ वर्षे वयाच्या सुमारे तीन हजार अमेरिकन तरुणांच्या रोहिण्या प्रत्यक्ष तपासण्यात आल्या, तेव्हा ज्यांच्यात हा अंश वाढलेला होता त्यांच्या रोहिण्यांत विकारही अधिक आढळला. येथे जाडीच्या सावलीवर विसंबण्याची आवश्यकता नव्हती. विकार डोळ्यांसमोर होता. पुढे इन्शुलिनावलंबी मधुमेह असलेल्या १,४४१ व्यक्तींवरील, १९९३ साली संपलेल्या अमेरिकन प्रयोगाने साखळी पूर्ण केली. ज्यांची साखर काटेकोरपणे नियंत्रित ठेवली होती, त्यांच्या मानेतील रोहिणीची भिंत कमी वेगाने जाड झाल्याचे २००३ साली दिसले. आणि २००५ साली त्यांच्यात हृदय व रोहिण्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. रक्त, भिंत आणि भवितव्य यांनी येथे एकच साक्ष दिली. परंतु त्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले.

या सर्वमान्य निदर्शकाचीही मर्यादा आहे. २००८ साली, प्रौढवयीन मधुमेह असलेल्या १०,२५१ व्यक्तींवरील ‘ॲकॉर्ड’ प्रयोगात हा अंक सहा टक्क्यांखाली आणण्याचा निकराचा प्रयत्न झाला. त्या गटात २५७ मृत्यू झाले, तर सौम्य नियंत्रणाच्या गटात २०३. आणि प्रयत्न मुदतीपूर्वी थांबवावा लागला. शिवाय लोहाच्या अभावाने होणारा रक्तक्षय हा अंक खोटा वाढवू शकतो, ही बाब भारतीय स्त्रियांच्या संदर्भात विसरून चालणार नाही. कारण असलेला निदर्शकसुद्धा कसा, किती आणि कोणात बदलावा, हा प्रश्न उरतोच.

६

टीकेच्या विरुद्ध एक प्रामाणिक आक्षेप येऊ शकतो. प्रत्येक ज्ञानाचा आरंभ सहसंबंधातूनच होतो. लहान अभ्यासांनी वाट दाखविली नसती, तर मोठे प्रयोग योजलेच गेले नसते. हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. कॅनाकिनुमॅबचा प्रयोग सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाच्या पाहण्यांवाचून संभवला नसता. विकाराची घडण समजून घेण्यासाठी या द्रव्यांचा अभ्यास मोलाचा आहे, आणि समजून घेणे हे विद्यापीठाचे कार्यच आहे. आक्षेप आहे तो समजण्याच्या साधनास भाकिताचे साधन म्हणून पुढे करण्यावर. वीस द्रव्ये मोजली असता त्यांतील एखादे केवळ योगायोगानेही सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ ठरते. उरलेली एकोणीस टिपणवहीतच राहतात, आणि ते एक छापले जाते. शंभर लेखांनी अशी शंभर द्रव्ये पुढे आणली, तर वाढते ती माहिती की गोंगाट, हे विचारण्याची वेळ येते.

या गोंगाटाची किंमत रुग्ण मोजतो. प्रयोगशाळांच्या पत्रकांवर अशा द्रव्यांच्या मापांचे संच दिसतात; मधुमेही त्यांचे पैसे भरतो, वाढलेला अंक पाहून धास्तावतो, किंवा सामान्य अंक पाहून निर्धास्त होतो. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक घातक आहे. रक्तदाब, एलडीएल, साखर आणि तंबाखू या चार जुन्या गोष्टींवरील उपाय सिद्ध झालेले आहेत. डेन्मार्कमधील अवघ्या १६० मधुमेहींवरील, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या ज्ञात गोष्टींवर एकाच वेळी चिकाटीने उपचार केले असता हृदय व रोहिण्यांच्या घटना जवळजवळ निम्म्यावर आल्या. त्यासाठी नवा निदर्शक लागला नाही. लागली ती शिस्त.

यापुढे या विषयावरील प्रबंधाकडून काही माफक अपेक्षा ठेवणे योग्य ठरेल. संबंध एका वेळच्या मापावरून दाखविला असेल, तर ‘भाकीत’ हा शब्द टाळावा. रुग्ण कोणती औषधे घेतो, त्याचे मूत्रपिंड कसे आहे, त्याचा आहार काय आहे, हे द्रव्याच्या आकड्याशेजारी सांगावे. माप किमान दोनदा घ्यावे, आणि मापनातील त्रुटी किती, ते लिहावे. जुन्या गोष्टी माहीत असताना नव्या द्रव्याने किती व्यक्तींविषयीचा निर्णय बदलला, हे टक्क्यांत सांगावे. ज्या द्रव्यांचा संबंध आढळला नाही, त्यांचीही नोंद करावी. यांपैकी एकाही गोष्टीस महागडे यंत्र लागत नाही.

मधुमेहीच्या रोहिणीची चाहूल रक्तात लागावी, ही आकांक्षा सोडून देण्याचे कारण नाही. परंतु ‘सोबत आढळते’, ‘आधी आढळते’, ‘भर घालते’ आणि ‘बदलल्याने लाभ होतो’ ही चार वाक्ये मराठीत वेगळी आहेत. संशोधनातही ती वेगळी ठेवली गेली, तर या वाङ्मयातील लेखांची संख्या कदाचित घटेल, पण जे उरतील त्यांवर रुग्णाचा उपचार उभा करता येईल.